त्सुदानुमाचं कॉलेज आणि सांगलीचे काका

पत्र: नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, गेली नऊ वर्षं टोकियोत निशी-कासाईला राहतो. हे आयटीत आहेत. मुलगा इथल्याच भारतीय शाळेत बारावीला आहे, सीबीएसईला. स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी जो मॉल आहे, तिथे चिबा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या खासगी विद्यापीठाचं प्रदर्शन-दालन आहे. तिथला आठ पायांचा रोबोट पाहिल्यापासून मुलाने एकच धोशा लावलाय, शिकेन तर इथेच. हे म्हणतात, जपानमध्ये शिकायचं तर राष्ट्रीय विद्यापीठात, नाही तर सरळ पुणं गाठायचं. परवा सांगलीहून चुलत सासऱ्यांचा फोन आला. त्यांना कळल्यावर म्हणाले, "खासगी म्हणजे डोनेशनचंच की. पोरगं कशात बसत नसंल तर तसं सांगा, लाजायचं काय त्यात?" ते मला फार लागलं. मी बी.कॉम., मला यातलं काही कळत नाही. हे कॉलेज खरंच कसं आहे? मुलाला जपानी बोलता येतं, पण वाचताना अडखळतो. काय करावं?
— एक आई, निशी-कासाई

प्रिय ताई,

पत्रात प्रश्न मुलाचा आहे, पण सल काकांच्या वाक्याचा आहे, तेव्हा आधी काकांचं बघू.

काका चुकीचं बोलले, पण हवेतलं बोलले नाहीत. विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी द्यायचा निर्णय १९८३ मध्ये झाला, आणि तो घेतला सांगलीच्याच वसंतदादांनी. त्यानंतर महाराष्ट्रातल्या घराघरांत 'डोनेशन' आणि 'मॅनेजमेंट कोटा' हे शब्द पोहोचले. त्या काळात ज्यांनी पोरांच्या ॲडमिशनसाठी जमीन काढली किंवा काढावी लागेल म्हणून रात्री जागून काढल्या, त्यांच्या डोक्यात 'खासगी' हा शब्द तसाच बसला आहे. गंमत म्हणजे विश्रामबागेतलं वालचंद कॉलेजही १९४७ मध्ये खासगी पुढाकारातूनच उभं राहिलं. हे काकांना सांगितलंत तर ते म्हणतील, "ते वेगळं." मग जपानमधलंही वेगळं असू शकतं, एवढी जागा त्यांनी मनात ठेवायला हरकत नसावी.

जपानमध्ये खासगी विद्यापीठ हा अपवाद नसून नियम आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या दहांपैकी जवळजवळ आठ मुलं खासगी विद्यापीठांत असतात. वासेदा आणि केइओ ही नावं तुमच्या यजमानांना ऑफिसात रोज ऐकू येत असतील, ती दोन्ही खासगीच. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, शाळेच्या शिफारशीवर किंवा मुलाखतीवर होतात. सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये टोकियोतल्या एका खासगी वैद्यकीय विद्यापीठाने मुलींचे गुण कापल्याचं आणि एका अधिकाऱ्याच्या मुलाला मागच्या दाराने घेतल्याचं उघड झालं, तेव्हा अख्खा देश हादरला होता. पण पैसे मोजून जागा विकत घेणं ही इथल्या इंजिनिअरिंगची रीत नाही.

राष्ट्रीय विद्यापीठांची प्रतिष्ठा मोठी आणि फी कमी, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त त्यांनी एक खात्री करून घ्यावी, की ते आणि मुलगा एकाच संस्थेबद्दल भांडताहेत. 'चिबा युनिव्हर्सिटी' हे राष्ट्रीय विद्यापीठ आहे. मुलगा म्हणतो ते 'चिबा कोग्यो दाइगाकु', लोक तोंडी 'चिबा-कोदाइ' म्हणतात, आणि इंग्रजीत त्यांनी स्वतःचं 'चिबा टेक' करून टाकलंय. दोन्ही चिबा प्रांतातच, त्यामुळे माझ्या ओळखीत एका घरात आठवडाभर दोन वेगळ्या संस्थांवरून वाद चालला होता.

आता संस्थेबद्दल. तिची सुरुवात १९४२ सालची, म्हणजे ऐन युद्धातली. जन्माचं नाव 'कोआ कोग्यो दाइगाकु'. 'कोआ' म्हणजे आशियाचा उदय. त्या वर्षांत जपानी सैन्य आशियाच्या नावाने काय करत होतं हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे या नावातून त्या काळाची हवा येते, आणि ती लपवून काही साधत नाही. शिक्षणतज्ज्ञ ओबारा कुनियोशी यांच्या तामागावा गाकुएन या शाळेच्या आवारात, टोकियोच्या माचिदा भागात, ही संस्था सुरू झाली. युद्ध हरल्यावर १९४६ मध्ये ती चिबा प्रांतात किमित्सुला गेली आणि तिचं नाव बदललं. १९५० मध्ये ती त्सुदानुमाला आली आणि तिथेच रुजली. आठ वर्षांत तीन ठिकाणं आणि दोन नावं. भाड्याच्या खोल्या बदलत संसार मांडणाऱ्यांना ही ओढाताण सांगायला नको.

त्सुदानुमाची जागा कुणाची होती? लष्कराच्या रेल्वे रेजिमेंटची. युद्धात रूळ टाकायचे, पूल बांधायचे, उखडायचे, पुन्हा टाकायचे, याचा सराव करणारी ही पलटण. त्या दुसऱ्या रेजिमेंटचं विटांचं फाटक स्टेशनाच्या दक्षिणेला अजून उभं आहे आणि विद्यापीठ ते वापरतं. १९९८ मध्ये त्याची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद झाली. जवळून जाणारी मात्सुदोकडची लाइन, जी परवापरवापर्यंत शिन-केइसेइ म्हणून ओळखली जायची, ती विनाकारण वळणं घेत जाते असं वाटलं, तर तेही याच पलटणीच्या सरावाच्या रुळांचं देणं आहे.

'सगळ्यांत जुनं खासगी टेक्नॉलॉजी विद्यापीठ' असं या संस्थेबद्दल म्हटलं जातं. त्यात थोडी मेख आहे. कोगाकुइन ही संस्था १८८७ ची, तोक्यो देन्की १९०७ ची, शिबाउरा १९२७ ची. पण त्या शाळा होत्या, 'विद्यापीठ' हा दर्जा त्यांना १९४९ मध्ये युद्धोत्तर नव्या व्यवस्थेत मिळाला. चिबा टेक मात्र पहिल्या दिवसापासून विद्यापीठ म्हणूनच जन्मलं. इंजिनिअरिंगला यंत्रसामग्री लागते, ती महाग असते, त्यामुळे युद्धापूर्वी खासगी हातांनी इंजिनिअरिंगचं विद्यापीठ काढायला फार थोडे धजावले. त्यांतलं फुजिवारा हे १९३९ चं विद्यापीठ पुढे केइओत विलीन झालं. म्हणून उरलेल्यांत हे सर्वांत जुनं. दावा खरा आहे, फक्त कागद नीट वाचावा लागतो.

पुढची पन्नासेक वर्षं मी भराभर ओलांडतो. जपानला कारखान्यांसाठी इंजिनिअर हवे होते आणि ही संस्था ते पुरवत राहिली. पहिल्या पसंतीच्या विद्यापीठात नाही जमलं तर हाताशी असावं म्हणून मुलं जिथे अर्ज करून ठेवतात, त्याला इथे 'सुबेरीदोमे' म्हणतात, म्हणजे घसरलो तर अडवणारं. पुष्कळ वर्षं अनेकांसाठी चिबा टेक हे तसंच होतं. काकांचं बोलणं टोचलं ना? तर असं टोचून घेऊनच आलेली बरीच मुलं तिथल्या बाकांवर बसून गेली आहेत.

आता तुमच्या मुलाला जे भावलंय त्याकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

१४ डिसेंबर २००२ ला तानेगाशिमा बेटावरून एच-टू-ए रॉकेट उडालं. मोठ्या उपग्रहासोबत त्यात सुमारे ५० किलोचा एक छोटा उपग्रह होता, 'कांता-कुन'. 'कुन' हे आपण बाळूला बाळोबा म्हणतो तशा लाडाचं. तो बनवला होता चिबा टेकने, आणि त्याचं काम काय, तर देवमाशांच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांचे संदेश टिपायचे. एका खासगी कॉलेजाने देवमाशांसाठी उपग्रह सोडणं हे खर्चाच्या हिशेबात कुठे बसतं, मला सांगता येणार नाही. पण ज्या संस्थेच्या मंडळाला असल्या गोष्टीवर सही करावीशी वाटते, तिथली हवा कशी असेल याचा अंदाज येतो.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, त्यांनी 'फुरो' हे रोबोट संशोधन केंद्र काढलं आणि फुरुता ताकायुकी यांच्या हाती दिलं. मुलाने पाहिलेला हल्लूक हा रोबोट तिथलाच. आठ पाय, प्रत्येक पायाच्या टोकाला चाक, एकूण ५६ मोटारी. सपाट जागी गाडीसारखा पळतो, खडबडीत जागी किड्यासारखा चालतो. पाहताना खेळणं वाटतो, पण ५६ मोटारींनी एकमेकींच्या पायात पाय न घालता चालायचं ही चेष्टा नव्हे.

मात्र मला सांगायचं आहे ते क्विन्सबद्दल. हा दिसायला रणगाड्याचं पिल्लू. दोन मुख्य पट्टे आणि पुढे-मागे चार हात, तेही पट्ट्यांचेच, जे टेकवून तो जिना चढतो. चिबा टेक, तोहोकु विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय बचाव यंत्रणा संस्था यांनी मिळून तो तयार केला होता, आपत्तीत जिथे माणूस जाऊ शकत नाही तिथे जाण्यासाठी. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमा दाइइचीच्या अणुभट्ट्या बिघडल्या, आणि रोबोटांचा देश म्हणून मिरवणाऱ्या जपानच्या त्या इमारतीत १७ एप्रिलला पहिला कोण शिरला? अमेरिकन पॅकबॉट. लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. मागची गोष्ट आणखी बोचरी होती. १९९९ मध्ये तोकाइमुराच्या अणुअपघातानंतर सरकारने अशा कामाचे रोबोट बनवून घेतले होते, आणि मग 'गरज नाही' म्हणून ते अडगळीत गेले होते.

क्विन्स रेडिओ लहरींवर चालायचा, आणि अणुभट्टीच्या जाड काँक्रीटमागे लहरी पोहोचत नाहीत. म्हणून त्याला केबल जोडली. किरणोत्सर्गात आतलं इलेक्ट्रॉनिक्स टिकतं का ते तपासलं. २४ जूनला तो दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीच्या इमारतीत गेला. पहिल्याच फेरीत जिन्याच्या वळणावरची जागा सांगितल्यापेक्षा अरुंद निघाली आणि पाण्याची पातळी मोजणारं उपकरण बसवायचं काम अर्धवट टाकून परतावं लागलं. पुढच्या फेऱ्यांत तो वरच्या मजल्यांवर जाऊन चित्रं आणि किरणोत्सर्गाचे आकडे घेऊन आला. तेवढ्या वेळा तरी तिथे माणसाला पाठवावं लागलं नाही. २० ऑक्टोबरला तो पाचव्या मजल्यापर्यंत पोहोचला, आणि उतरताना तिसऱ्या मजल्यावर केबल अडकून तुटली. क्विन्स तिथेच राहिला.

मग त्यांनी काय केलं हे मुलाला विचारा, त्याला नक्की ठाऊक असेल. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्विन्स-२ आणि क्विन्स-३ तयार होते. आता केबल आपोआप गुंडाळायची सोय होती, आणि एकाची केबल तुटलीच तर दुसऱ्याच्या मदतीने लहरींवरून त्याला बाहेर काढायची तजवीज होती. पहिल्याच्या प्रत्येक चुकीचं उत्तर दुसऱ्या दोघांच्या अंगावर लिहिलेलं होतं.

ही सवय त्यांना एकदाच लागलेली नाही. २००९ मध्ये तिथे ग्रहसंशोधन केंद्र निघालं. प्रमुख म्हणून आले मात्सुइ ताकाफुमी. हे टोकियो विद्यापीठातून निवृत्त झालेले नावाजलेले ग्रहशास्त्रज्ञ. पृथ्वीवर समुद्र कसे आले यावरचा १९८६ चा त्यांचा निबंध आजही चर्चेत येतो. या केंद्राने उल्का वरून, म्हणजे अंतराळ स्थानकाच्या खिडकीतून, टिपायला एक कॅमेरा बनवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो घेऊन निघालेलं अंटारेस रॉकेट उडताच फुटलं. दुसरा कॅमेरा जून २०१५ मध्ये फाल्कनवरून निघाला, तेही रॉकेट हवेत फुटलं. तिसरा मार्च २०१६ मध्ये गेला आणि पोहोचला. आपल्याकडे दुसऱ्या वेळी कुणीतरी नक्की म्हणालं असतं, "पत्रिका दाखवा कुणाला तरी."

आणि एक मला फार आवडणारी गोष्ट. तुतनखामनच्या ममीसोबत एक लोखंडी खंजीर सापडला होता. तो उल्केच्या लोखंडाचा आहे असं मानलं जायचं, पण बनवला कसा आणि कुठे? फेब्रुवारी २०२० मध्ये चिबा टेकची मंडळी कैरोच्या संग्रहालयात हातात नेता येईल असं क्ष-किरण यंत्र घेऊन गेली आणि खंजिराला धक्का न लावता त्याची तपासणी केली. पात्यावर उल्केच्या लोखंडात असते ती आडवीतिडवी नक्षी अजून शिल्लक होती. भट्टीत लाल-पांढरं तापवलं असतं तर ती पुसली गेली असती, म्हणजे ते कमी उष्णतेवर ठोकून घडवलं होतं. सोन्याच्या मुठीवर चुन्याच्या लुकणाच्या खुणा सापडल्या, आणि असा चुना वापरायची रीत इजिप्तमध्ये फार नंतर आली. त्यामुळे त्यांनी असा तर्क मांडला, की खंजीर बाहेरून, आजच्या सीरियाच्या बाजूच्या प्राचीन मितान्नी राज्यातून आला असावा. तुतनखामनच्या आजोबांना मितान्नीच्या राजाने लोखंडी खंजीर भेट दिल्याचा उल्लेख अमार्नाच्या पत्रांत, म्हणजे इजिप्तमध्ये सापडलेल्या त्या काळच्या राजांच्या पत्रव्यवहारात, आहेच. २०२२ मध्ये हे छापून आलं. रोबोटचं कॉलेज म्हणता म्हणता आपण फॅरोच्या कमरेशी पोहोचलो.

मात्सुइ २०२० पासून अध्यक्ष होते, २०२३ मध्ये वारले. त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले इतो जोइची, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे माजी संचालक. २०१९ मध्ये देणग्यांवरून मोठा वाद झाल्यावर त्यांनी तिथून राजीनामा दिला होता. ही निवड कुणाला धाडसी वाटते, कुणाला खटकते. मला दोन्ही वाटतं. तुम्ही पैसे भरणार असाल तर प्रमुख कोण आहे हे माहीत असावं, म्हणून सांगितलं.

आता उलटी बाजू, ताई. हिच्यासाठीच तर तुम्ही लिहिलंत.

एक तर, फुरो आणि ग्रहसंशोधन केंद्र हे कुठल्या विभागाच्या पोटात नाहीत, ते थेट विद्यापीठ चालवणाऱ्या संस्थेच्या अखत्यारीत आहेत. म्हणून तर त्यांना देवमासा, उल्का, खंजीर असं काहीही करता येतं. पण त्याचा अर्थ असाही होतो, की ॲडमिशन मिळाली म्हणजे एप्रिलमध्ये क्विन्सचा रिमोट हातात आला असं नाही. मुलगा शिकेल तो रोबोटिक्सच्या विभागात, जो २००६ पासून स्वतंत्र आहे. पहिली दोन वर्षं शिन-नाराशिनोच्या आवारात गणित, यांत्रिकी, प्रोग्रामिंग. मग त्सुदानुमा. खरी गंमत सुरू होते ती शेवटी, जेव्हा मुलगा एका प्राध्यापकाच्या 'केन्क्यूशित्सु'त, म्हणजे संशोधनाच्या खोलीत, जातो. इथे विद्यापीठापेक्षा ही खोली मोठी. तिथे दिवसरात्र काम करायचं, दर आठवड्याला सगळ्यांसमोर केलेलं मांडायचं, वरच्या वर्गातल्यांकडून बोलणी खायची, शेवटी प्रबंध लिहायचा. पुष्कळ कंपन्या त्या प्राध्यापकाच्या शब्दावर मुलं घेतात. म्हणून मुलाला 'कुठलं कॉलेज' यापेक्षा 'कुणाची खोली' हा प्रश्न विचारायला शिकवा. तिथे विद्यार्थ्यांनी १० सेंटिमीटरच्या चौकोनी डबीएवढे उपग्रहही बनवले आहेत. त्यांतला 'काशिवा' २०२४ मध्ये अंतराळ स्थानकातून सोडला गेला. असं काम मिळवायला कुठल्या वर्षी काय करावं लागतं, हे त्याने जाऊन विचारावं.

दुसरं, अर्जांच्या आकड्यांना भुलू नका. २०२५ च्या प्रवेशासाठी या विद्यापीठाकडे दीड लाखाहून जास्त अर्ज आले, देशात सर्वाधिक. जाहिरातीत ते ठळक दिसेल. पण एकच मुलगा अनेक विभागांना अर्ज करू शकतो, आणि केंद्रीय परीक्षेच्या गुणांवर अर्ज करणाऱ्यांना शुल्क माफ होतं. फुकट आणि अनेकदा, म्हटल्यावर रांग वाढणारच. तिथे शिकतात सुमारे दहा हजार मुलं.

तिसरं, पैसा. राष्ट्रीय विद्यापीठाची सर्वसाधारण फी वर्षाला ५,३५,८०० येन, प्रवेशाचे २,८२,००० वेगळे. खासगी इंजिनिअरिंगला वार्षिक खर्च याच्या दुपटीच्या वर जातो. चार वर्षांचं गणित करा, आणि पुढे मास्टर्स धरून सहा वर्षांचंही करा, कारण इथे संशोधनाच्या कामाला जायचं तर बहुतेक जण मास्टर्स करतात. मुलगा घरी राहून शिकणार असेल तर भाडं वाचतं, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट. शिष्यवृत्त्या आणि सवलती बऱ्याचदा व्हिसाच्या प्रकारावर ठरतात. तो 'कुटुंबासोबत' या व्हिसावर आहे, 'विद्यार्थी' व्हिसावर नाही. परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी प्रवेशपरीक्षा त्याला लागू होते का, हे प्रवेश-कचेरीत लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आणि चौथं, जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तुम्ही ते एका ओळीत, पत्राच्या शेवटी लिहिलंत: वाचताना अडखळतो. ताई, पदवीचं शिक्षण जपानीतून असतं. निशी-कासाईच्या बागेत क्रिकेट खेळताना येणारी जपानी आणि थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातली जपानी यांत आपल्या बोलीत आणि कोर्टाच्या निकालपत्रात असतं तेवढं अंतर आहे. मी इथे आलो तेव्हा बोलून सगळी कामं उरकायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो. मग पहिल्यांदा एका यंत्राची सुरक्षा-सूचना वाचायला दिली, आणि मी तासभर एकाच पानावर बसलो. सोबतचे सभ्य होते, हसले नाहीत, त्याचंच जास्त वाटलं. मुलाला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी गाठावीच लागेल, एन-१ असेल तर उत्तम.

इथे एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडते. सीबीएसईचे पेपर फेब्रुवारीत सुरू होतात, निकाल मे महिन्यात लागतो, आणि जपानी विद्यापीठं एप्रिलमध्ये उघडतात. म्हणजे बहुधा मुलाचं एक वर्ष मध्ये मोकळं राहणार. नातेवाईक त्याला 'वर्ष गेलं' म्हणतील. जपानमध्ये प्रवेशासाठी एखादं वर्ष थांबून अभ्यास करणाऱ्यांना 'रोनिन' म्हणतात, म्हणजे धनी नसलेला सामुराई, आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. हे वर्ष त्याने जपानी वाचण्यात आणि 'ईजू' या परदेशी विद्यार्थ्यांच्या परीक्षेत घालवावं. ती वर्षातून दोनदा असते, जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनही देता येतं, जपानीचा पेपर मात्र अर्थात जपानीच. राष्ट्रीय विद्यापीठंही ही परीक्षा धरतात, त्यामुळे तुमच्या यजमानांचा मार्गही बंद होत नाही. दोघांचं भांडण जूनपर्यंत पुढे ढकला, तोवर अभ्यास एकच आहे.

भाषा जमतच नसेल, तर शिबाउराकडेही बघा. तेही खासगी, आणि २०१४ मध्ये सरकारने जागतिक दर्जासाठी जी विद्यापीठं निवडली त्यांत विज्ञान-अभियांत्रिकीचं एकमेव खासगी विद्यापीठ तेच होतं. तिथे इंग्रजीतून पदवीची सोय आहे. फीचाच अडसर असेल तर नागोयाचं तोयोता तंत्रज्ञान विद्यापीठ बघा. १९८१ मध्ये तोयोताच्या पाठबळाने निघालं, वर्षाला शंभरेक मुलं घेतं, फी राष्ट्रीय विद्यापीठाच्या आसपास. पण तिथे जायचं म्हणजे घर सोडायचं.

आता एक काम करा. तोझाइ लाइन तुमच्या दारातून जाते. निशी-फुनाबाशीला उतरून सोबु लाइन पकडा, तिसरं स्टेशन त्सुदानुमा. गर्दीच्या वेळी काही गाड्या तर थेट जातात. उन्हाळ्यात विद्यापीठ पाहण्यासाठी खुलं असतं, शरदात मुलांचा उत्सव असतो. तिघं जा. यजमानांना नक्की न्या, आणि तिथे गेल्यावर तुम्ही दोघं गप्प बसा. बोलेल तो मुलगा, जपानीत. त्याने रोबोटिक्सच्या चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून विचारावं: तुझ्या खोलीत आठवड्याला किती तास जातात? गेल्या वर्षी कोण कुठे नोकरीला लागलं? पहिल्या वर्षी नापास कशात होतात? परदेशी मुलगा तुमच्यात आहे का, आणि तो सभेत बोलतो का? उत्तरं त्याने तिथल्या तिथे वहीत लिहावीत, कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांत. घरी आल्यावर ते पान बघा, किती शब्द कानावरून हिरागानात, म्हणजे नुसत्या उच्चाराच्या सोप्या अक्षरांत, उतरवलेत ते मोजा.

काकांना इतक्यात काही कळवू नका. जूनच्या ईजूचा निकाल आला की मला लिहा. जपानीचे गुण आणि गणिताचे गुण वेगवेगळे कळवा, एकूण बेरीज नको.